सतरा नंबरचं रीडिंग

"काय म्हणतोय आमचा जोडीदार?" मी दारात चपला काढत असतानाच बाबा विचारायचे.

"मजेत आहे. तुमच्यापेक्षा बरा वागतो. गोळ्या उशीखाली लपवत नाही."

"त्याला उशी कुठे आहे?"

"म्हणूनच."

मग ते हसायचे. हसता हसता त्यांना धाप लागायची, आणि ती ओसरेपर्यंत गुंडी त्यांच्या मांडीवर चढून नाकातली प्राणवायूची नळी ओढायला बघायची. गुंडी म्हणजे माझी मुलगी, चौदा महिन्यांची. नाव बाबांनीच पाडलेलं. जन्मली तेव्हा इतकीशी होती, की म्हणाले, "ही तर शर्टाची तुटलेली गुंडी. खिशात जपून ठेवा, हरवेल."

आणि जोडीदार म्हणजे सतरा नंबरचा उंदीर.

मी तळघरातल्या एका बिनखिडक्यांच्या खोलीत काम करते. तिथे माणसांची सोनोग्राफी करतात तसंच मशीन आहे, फक्त सगळं लहान. प्रोब बोटाच्या पेराएवढा, पलंग तळहाताएवढा आणि खालून ऊब देणारा. माझे पेशंट काळे उंदीर. त्यांना नळीतून भुलीचा गॅस द्यायचा, उताणं झोपवायचं, चारी पाय चिकटपट्टीनं टेकवायचे, छातीवरचे केस क्रीम लावून काढायचे. भुलीत त्यांचे डोळे मिटत नाहीत, म्हणून कोरडे पडू नयेत असं मलम घालायचं. मग कोमट केलेलं जेल, त्यावर प्रोब. पडद्यावर वाटाण्याएवढं हृदय दिसतं, मिनिटाला साडेचारशे वेळा उघडझाप करणारं. दहा मिनिटांत काम संपतं. गॅस बंद केला की उंदीर दोन मिनिटांत उठून बसतो, तोंड पुसतो, आणि काही झालंच नाही अशा थाटात पिंजऱ्यात पळतो. पूर्वी म्हणे दर आठवड्याला काही उंदीर कापून बघावे लागत. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडा बघता येतो. त्यामुळेच ओळख होते, आणि ती व्हायला नको असते.

बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. "म्हणजे मीटर न उघडता रीडिंग! आमचंच काम की."

बाबांनी एकतीस वर्षं पाण्याची मीटरं वाचली. दारोदार जायचं, जमिनीतलं लोखंडी झाकण उचलायचं, गुडघे टेकायचे, खिशातल्या फडक्यानं काच पुसायची आणि आकडा वहीत उतरवायचा. घराला कुलूप असलं, तर वहीत 'बंद' लिहायचं. त्यांच्या बरोबरीचे काहीजण झाडाखाली बसून मागच्या महिन्यावरून अंदाजानं वही भरायचे आणि बाबांना म्हणायचे, "गुडघे झिजवून मोठं बक्षीस मिळणार आहे तुला." बाबांनी कधी अंदाज लिहिला नाही. लहानपणी मी पाढे चुकले की आई रागवायची, आणि बाबा विचारायचे, "येत नाही ना? मग बंद म्हण. खोटा आकडा नको."

गेल्या वर्षी त्यांना एका मजल्याच्या जिन्यावर तीनदा थांबावं लागलं. तपासण्या झाल्या आणि निघाला नेमका तोच आजार, ज्याचे उंदीर मी तीन वर्षं बघत होते. फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. हृदयाच्या उजव्या कप्प्याला रक्त पुढे ढकलायला जोर लावावा लागतो. जोर लावून लावून तो कप्पा फुगतो आणि थकतो. नशिबानं माझी थट्टा करायची ठरवली असेल, तर त्यानं माझं काम नीट बघून ठेवलं होतं.

पडद्यावर हा आजार ओळखायला सोपा आहे. रक्त फुफ्फुसांकडे उसळतं तेव्हा एक उंचवटा उमटतो. निरोगी हृदयाचा उंचवटा गोल असतो, घुमटासारखा. आजारात त्याचा सुळका होतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जायला किती वेळ लागला ते मोजायचं. वेळ जितका जास्त, तितकं बरं.

बाबांची सोनोग्राफी झाली तेव्हा मी पडद्याआड उभी होते. मशीनवरची मुलगी माझ्याच वयाची. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिनं स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवला, पण तोवर मी पाहिलं होतं. सुळका. इतका टोकदार, की मी आपोआप पुढच्या ठोक्याची वाट पाहिली, हा चुकून आला असेल म्हणून. पुढचाही तसाच आला.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. मला हे वाक्य कुणाला म्हणावं लागत नाही. माझे पेशंट विचारत नाहीत.

परतीच्या बसमध्ये बाबांनी विचारलं, "काय दिसलं गं?"

"डॉक्टर सांगतील ना, बाबा," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं ते डॉक्टरांच्या भाषेत. औषधं देऊ, बघू, प्रत्येकाचं वेगळं असतं. बाबांनी मान डोलावली. त्यानंतर आमच्यात त्यांच्या हृदयाचा विषय निघेना. घरात दोघांनाही बोलायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी उंदरांचं सांगायला लागले. चोवीस उंदीर आहेत. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना ठाऊक. यादी बंद पाकिटात, मोजणाऱ्याची नजर मिंधी होऊ नये म्हणून.

"सतरा नंबर आहे का त्यांत?" बाबांनी विचारलं. "दवाखान्यात माझी खाट सतरा होती."

"आहे की."

"मग तो माझा जोडीदार. त्याचं नीट बघ."

इथून सगळं सुरू झालं.

प्रयोगाच्या तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबर मशीनवर अर्धवट जागा झाला. असं कधीकधी होतं. मागचा पाय पट्टीतून सुटला, छाती भात्यासारखी हलायला लागली. मलम घातलेले डोळे उघडेच असतात, तरी मला वाटलं, तो माझ्याकडे बघतोय. मी घाईनं गॅसचं बटण पुढे फिरवलं. तो पुन्हा सैल पडला.

पुढच्या आठवड्यापासून त्याची पाळी आली, की मी सुरुवातीलाच बटण एक खूण पुढे ठेवायचे. फक्त त्याच्यासाठी. कुणाला सांगितलं नाही, वहीत लिहिलं नाही. लपवायचं म्हणूनही नाही. झोपलेल्या लेकरावर आपण दुसरं पांघरूण घालतो, ते कुठे लिहून ठेवतो?

तिसऱ्या आठवड्यात त्याचा आकडा, म्हणजे माथ्यापर्यंतचा वेळ, तेरा मिलिसेकंद होता. चौथ्यात पंधरा झाला. पाचव्यात सतराच्या जवळ पोचला. मी तिथेच खुर्चीवरून उठून उभी राहिले. सुळका बोथट होत होता. त्या संध्याकाळी बसस्टॉपवरून घरापर्यंत मी अक्षरशः पळत आले.

"बाबा, जोडीदार सुधारतोय!"

बाबांनी गुंडीला खाली ठेवलं. "किती?"

मी आकडे सांगितले. थोड्या वेळानं त्यांनी दादाला फोन लावला.

दादा, माझा मोठा भाऊ, दोन विमानं बदलून येण्याइतका लांब राहतो. डॉक्टरांचं ऐकल्यापासून तो निघायच्या तयारीत होता, तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. बाबा त्याला म्हणाले, "आत्ता धावत येऊ नकोस. पोरांच्या परीक्षा आहेत. सुट्टी लागली की सगळेच या, चांगले महिनाभर राहा. अरे, आमचा जोडीदार सुधारतोय!"

फोन माझ्याकडे आला. दादा हळू आवाजात म्हणाला, "काय बोलतायत गं ते? खरंच बरं आहे का?"

समोर बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"हो रे," मी म्हटलं. "आकडा वाढलाय."

कुणाचा, ते मी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. त्यानं तिकीट अडीच महिने पुढे ढकललं.

मॅडमचा एक नियम आहे. पाकीट उघडण्याआधी सगळी रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा बघायची, आणि आकड्यांबरोबर स्क्रीनच्या तळाची बारीक अक्षरंही वाचायची. अंगाचं तापमान, श्वास, मिनिटाचे ठोके. सातव्या आठवड्यात, एका दुपारी डबा खाऊन मी ते करायला बसले. साडेचारशे. चारशे चाळीस. चारशे साठ. मग सतरा नंबर. चौथा आठवडा, तीनशे ऐंशी. पाचवा, तीनशे तीस. सहावा, तीनशे वीस.

मी ते तीनदा वाचलं.

भूल जास्त झाली की हृदय मंदावतं. मंदावलं की सगळंच सावकाश होतं, माथ्यावर पोचायला वेळ लागतो, सुळका पसरट दिसतो. वाट रुंद झाली नव्हती, चालणारा पेंगला होता. ही चूक मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

पिंजरे साफ करणारे मामा तेवढ्यात आत आले. त्यांना सगळे मामाच म्हणतात, मॅडमसुद्धा.

"मामा, सतरा कसा आहे हो?"

"कसा असणार? कोपऱ्यात बसतो. घरटं करायचं सोडलंय त्यानं. कापूस देतो तो तसाच पडलेला. पंधरा दिवस झाले."

"मला बोलला नाहीत!"

"आता बघा!" मामा म्हणाले. "मी बाहेरून बघणारा माणूस, ताई. तुम्ही तर आतून बघता. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिन्ही आठवडे शांतपणे पाहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "त्याला पुन्हा घे. सगळ्यांसारखं."

सगळ्यांसारखं घेतलं. बटण ठरल्या खुणेवर. तो पाय ओढू बघायचा तेव्हा मी हात मागे बांधल्यासारखी उभी राहिले. साडेचारशे ठोके. पडद्यावर सुळका उभा राहिला, दवाखान्यात पाहिला होता तसाच. अकरा.

"मधल्या तीन आठवड्यांचं काय लिहू?" मी विचारलं.

"तू सांग."

"बंद," मी म्हटलं. मॅडमना कळलं नाही. मी बाबांचं मीटरचं काम सांगायला गेले आणि मधेच रडायला लागले. मॅडमनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं तिन्ही रकान्यांत लिहिलं, 'बंद'.

घरी गेले तेव्हा बाबा खुर्चीत होते आणि गुंडी त्यांचा गुडघा धरून उभी राहायची खटपट करत होती. जोडीदाराचं विचारायच्या आत मीच म्हटलं, "बाबा, रीडिंग चुकलं होतं."

"कुणाचं?"

"जोडीदाराचं. मी चुकवलं."

"काच पुसली नव्हतीस?"

"पुसली होती. तो मधेच जागा झाला होता. मला बघवलं नाही. मग दर वेळी त्याला गॅस जास्त दिला. त्यानं आकडा चांगला दिसत होता."

"आता किती?"

"अकरा."

त्यांनी गुंडीचे दोन्ही हात आपल्या दोन बोटांना धरू दिले. ती डुलत होती, ते तिला पडू देत नव्हते. तिच्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "आणि माझा?"

मी गुंडीचं झबलं सारखं करायला लागले.

"त्या दिवशी बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलोय मी. आत माणूस असून दार उघडत नाही, तेव्हा कळतं."

"सुळका आहे, बाबा. जोडीदारासारखाच. तेव्हाच होता."

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "मला जिन्यावर कळत होतंच की," ते म्हणाले. "पण तू पळत आलीस ना त्या दिवशी. म्हटलं, पोरगी आतलं बघते, तिला जास्त कळत असेल." मग पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाले, "दादाला तू हो म्हणालीस."

"हो."

"लाव फोन. आणि अंदाज सांगू नकोस."

मी सांगितलं. पलीकडे दादाच्या घरातले भांड्यांचे, पोरांचे आवाज ऐकू येत होते. शेवटी एवढंच म्हणाला, "तेव्हा निघालो असतो तर आत्तापर्यंत आठवडा झाला असता त्यांच्याजवळ." त्यात राग नव्हता. हिशेबही नव्हता. नुसतं रीडिंग होतं ते, आणि बरोबर होतं.

लवकरात लवकरचं तिकीट आठ दिवसांनंतरचं मिळालं. सहाव्या दिवशी बाबांना पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. या वेळी खाट नऊ होती. "बघ," ते मास्कमधून म्हणाले, "बदली झाली माझी."

दादा यायचा त्या सकाळी त्यांची धाप अशी वाढली, की खांदे, मान, पोट, सगळं अंग फक्त श्वासापुरतं उरलं. गुंडीला नवऱ्याकडे ठेवून मी एकटीच होते. डॉक्टर तरुण होते, माझ्याशी बोलायला व्हरांड्यात आले.

"एक औषध आहे. त्यानं ही घुसमट थांबेल. पण ते गुंगीत जातील. मग बोलतील असं नाही."

"माझा भाऊ दुपारी उतरतोय."

"तुम्ही ठरवा. दोन्ही बरोबरच आहे," ते म्हणाले. दोन्ही बरोबर असणं किती वाईट असतं, हे त्यांना अजून कळायचं होतं.

बटण पुन्हा माझ्या हातात आलं होतं. आणि मला तेच करावंसं वाटत होतं. फिरवावं, सगळं सैल पडावं, मला बघावं लागू नये.

मी आत गेले आणि बाबांच्या कानाशी वाकले. "बाबा, औषध देऊ म्हणतात. बरं वाटेल, पण झोप लागेल. दादा दुपारी येतोय. देऊ का थांबू?"

त्यांनी डोळे उघडले. बोलायला हवा नव्हती. उजव्या हाताचा पंजा त्यांनी चादरीवरून उचलला आणि आडवा हलवला. नको. अजून नको.

मग मी बसले. सकाळी आठपासून दुपारी सव्वादोनपर्यंत. त्यांच्या छातीचा प्रत्येक भाता बघत बसले. नजर हटवली नाही. मधे त्यांच्या ओठांना पाणी लावलं, मधे गुंडीचं सांगितलं. काल ती खुर्ची सोडून दोन सेकंद उभी राहिली, आणि मग स्वतःच दचकून बसली. त्यांच्या डोळ्यांच्या कडा हलल्या. तेवढंच त्यांचं हसू उरलं होतं.

दादा बॅग घेऊनच वॉर्डात शिरला. विमानातला चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी. बाबांनी त्याला ओळखलं. त्यानं त्यांच्या छातीशी डोकं टेकलं, तेव्हा बाबांचा हात कसाबसा त्याच्या केसांवर पोचला. मी बाहेर गेले. ते त्यांचं होतं. दादानं नंतर सांगितलं, बाबा तीनच गोष्टी बोलले, एकेक शब्द वेगळ्या श्वासात. पोरांच्या परीक्षा झाल्या का. जेवलास का. आणि, बहिणीवर रागावू नकोस.

मग त्यांनी स्वतःच नर्सकडे बघून मान हलवली.

औषध गेलं. दहा मिनिटांत खांदे खाली आले, कपाळ मोकळं झालं. उशाजवळच्या मॉनिटरवर ठोके एकशे बत्तीस होते ते एकशे दहा झाले, मग पंच्याण्णव. दादानं माझा दंड घट्ट धरला.

"अगं, बघ ना! आकडा सुधारतोय! किती शांत झालेत. बरं वाटतंय गं त्यांना!"

त्याचा चेहरा बाबांसारखा आहे. उजळला की तर हुबेहूब.

"बरं वाटतंय त्यांना," मी म्हटलं. "तेवढं खरं आहे, दादा. पण आकडा औषधाचा आहे. त्यांचा नाही."

त्यानं दंड सोडला नाही. हळूहळू त्याची पकड सैल झाली, आणि मग तो खुर्ची ओढून खाटेच्या दुसऱ्या बाजूला, माझ्यासमोर बसला. आम्ही दोघांनी बाबांचा एकेक हात घेतला. बाबांचा चष्मा त्यांच्या नाकावर तसाच राहिला होता, मास्कच्या वाफेनं धुरकटलेला. मी तो काढला, ओढणीनं दोन्ही काचा पुसल्या, आणि पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.